बेरीज नको, ओळी वाच

चि. मुग्धा हिस,


तुझा मेल वाचला. तुझ्या सत्राच्या टेपला सीटीएस-आरवर, म्हणजे कॉग्निटिव्ह थेरपीतलं थेरपिस्टचं कौशल्य मोजणाऱ्या पट्टीवर, ७२ पैकी ३४ पडले, पास व्हायला ३६ हवेत, आणि तू विचारतेस, "मावशी, पेशंटला तर बरं वाटतंय, मग हे गुण कसले?" प्रश्न रास्त आहे, राग मात्र थोडा आवर.

आधी ते ३४ बाजूला ठेव. यंग आणि बेक यांनी १९८० साली केलेल्या अकरा मुद्द्यांच्या पट्टीवरून न्यूकॅसलच्या मंडळींनी २००१ मध्ये ही बारा मुद्द्यांची पट्टी केली. प्रत्येकाला शून्य ते सहा. म्हणजे तुझ्या हातात एक आकडा नाही, बारा आहेत. पेशंटशी नातं जोडण्यात चार, सहकार्यात चार. प्रश्नांतून त्याचं त्यालाच उत्तर सापडू देण्यात दोन, पेशंटला दोन सत्रांमध्ये करायला द्यायच्या गृहपाठात एक. याचा अर्थ सरळ आहे: माणसं तुझ्यापाशी मोकळी होतात, पण उत्तर त्यांना सापडण्याआधी तूच सांगून टाकतेस, आणि गृहपाठ उठता-उठता देतेस, मागच्याची चौकशीही न करता.

पेशंटच्या "बरं वाटतंय"वर फार विसंबू नकोस. नैराश्य काळानेही ओसरतं, आणि भिडेपोटी लोक गोडच बोलतात. स्वतःच्या अंदाजावर तर त्याहून कमी विसंब. २०१२ च्या एका पाहणीत १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांपैकी एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नव्हतं. चौथा हिस्सा स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत मोजत होता.

पट्टीला देव्हाऱ्यातही बसवू नकोस. वेब, डीरुबीस आणि बार्बर यांनी २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा थेरपिस्टचं कौशल्य आणि पेशंटची सुधारणा यांचा संबंध जवळपास शून्य निघाला. संशोधनातले थेरपिस्ट निवडून घेतलेले, सतत देखरेखीखालचे. त्यांच्यात फरकच थोडा, हे त्याचं एक कारण असू शकतं. तरी इतकं नक्की, की ३८ वाला ३४ वालीपेक्षा पेशंटला जास्त बरं करतो असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुण घ्यायचे ते पुढचं सत्र सुधारण्यासाठी.

ते कसं, हे आपल्या गोव्यात पाहायला मिळतं. 'संगथ' संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्याच्या समुपदेशनासाठी तयार केलं. ते एकत्र बसून एकमेकांच्या सत्रांची रेकॉर्डिंग ऐकत आणि गुण देत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. दुसऱ्याचं सत्र तपासताना आपला कानही तयार होतो.

तेव्हा वर्गातल्या दोघींना गाठ. पेशंटची लेखी परवानगी घे. छान झालेली टेप निवडू नकोस, जिथे अडखळलीस ती ने. आधी तिघींनी न बोलता गुण लिहा. जिथे एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडेल, तेवढा भाग पुन्हा ऐका. वाद होईल, तो होऊ दे, शिकणं त्यातच आहे. आणि बाराही मुद्दे एकदम सुधारायला जाऊ नकोस. पुढच्या दोन टेपांत गृहपाठ आणि प्रश्न, एवढंच. गृहपाठाला शेवटची दहा मिनिटं राखून ठेव.

पुढच्या वेळी बेरीज कळवू नकोस. गृहपाठाचे एकाचे दोन झाले का, तेवढंच लिही.

तुझी,
मावशी