मोड, चिंधी आणि टॉर्चचे सेल
(इयत्ता ४ थी, परिसर अभ्यास)



दिवाळीच्या आधी प्रत्येक घरी झाडलोट होते. माळ्यावरून आणि पलंगाखालून किती तरी वस्तू निघतात. चेपलेला गुंड, फुटकी बादली, जुने लुगडे, बंद पडलेला टॉर्च, आखूड झालेला स्वेटर. मग आई विचारते, "हे ठेवायचं का फेकायचं?" माझे म्हणणे असे आहे की ठेवणे आणि फेकणे याशिवाय अजूनही रस्ते आहेत. कोणत्या वस्तूला कोणता रस्ता, ते आपण या पाठात पाहू.

१. पितळेचा गुंड

आपला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. भंडारा शहरात हा धंदा जुना आहे. स्टीलची भांडी आल्यावर तो कमी झाला, पण नाव अजून आहे.

पितळ खाणीतून निघत नाही. ते तांबे आणि जस्त या दोन धातूंचे मिश्रण आहे. साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त. तांबे लालसर, जस्त निळसर पांढरे, आणि दोन्ही मिळून झालेले पितळ मात्र पिवळेधमक!

गुंड चेपला तर ठोकून चेप काढतात. बारीक भोक पडले तर झाळून बुजवतात. आतून कळकट झाला तर कल्हई करतात. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच असे आंबट ठेवले की ते कळकते आणि खाण्यालायक राहत नाही. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्याने भरभर फिरवतो. भांडे आतून चांदीसारखे चमकते. नवे भांडे न घेता भांडे नवे होते.

गुंड अगदीच कामातून गेला तर त्याची 'मोड' होते. मोड म्हणजे मोडके पितळ. दुकानदार मोडीचे वजन करतो, तिची किंमत धरतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढे पैसे वजा करतो. वरचे पैसे आपण द्यायचे. मोडीचा भाव नव्या भांड्यापेक्षा कमी असतो, पण फुकट कधीच जात नाही.

ती मोड भट्टीवर मुशीत टाकून वितळवतात. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पितळ वितळायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. वितळलेल्या पितळेचे पुन्हा भांडे होते. म्हणजे आज आपण ज्या गुंडाने पाणी भरतो त्याचे पितळ आपल्या पणजीच्या वेळी परात असेल, कोणाला माहीत!

माझी आजी म्हणते, "पितळ फेकत नसते बापा, ते फिरत असते."

२. बादली आणि पन्नी

प्लास्टिकची बादली हलकी आणि स्वस्त असते. पण उन्हात राहिली की कडक होते आणि तडकते. तिला ठोकता येत नाही. भंगारवाला बादली नेतो, कारण जाड प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येते. पण पितळेसारखे ते जसेच्या तसे परत येत नाही. प्रत्येक वेळी त्याचा दर्जा उतरतो आणि शेवटी ते कचराच होते.

पन्नी तर त्याहून वाईट. एका पन्नीचे वजन ते किती? एक किलो भरायला पोतेभर पन्न्या लागतात, म्हणून त्या कोणी वेचत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरी उकिरड्यावर पन्न्या दिसतातच. पन्नीत भाजीची साले बांधून फेकली की गाय सालांच्या वासाने पन्नीही गिळते. ती पचत नाही, शेणावाटे बाहेर पडत नाही, पोटात साचत जाते. मग गाय चारा सोडते, रवंथ बंद होते आणि शेवटी ती मरूही शकते. पन्नी जाळणे हाही उपाय नाही. तिचा धूर विषारी असतो आणि चुलीत टाकली तर तो आधी आईच्याच नाकातोंडात जातो.

म्हणून बाजारात वस्तू घेतानाच विचारावे, "ही मोडल्यावर कोण घेईल?" कोणीच घेणार नसेल तर तिच्याविना चालते का ते पाहावे. कापडी पिशवी नेली तर पन्नी घरात येतच नाही.

३. एका लुगड्याची पाच कामे

जुन्या लुगड्याचे काय होते ते मी आजीला विचारून लिहिले आहे.

(१) मऊ झालेल्या लुगड्याची बाळाची दुपटी आणि लंगोट.
(२) चार-पाच लुगडी एकावर एक घालून, बारीक टाके घालून, गोधडी.
(३) गोधडी विरली की खाटेवर खाली टाकायला किंवा दारात पाय पुसायला.
(४) उरलेल्या तुकड्यांचे चुलीवरचा गंज उतरवायचे फडके.
(५) अगदी शेवटी सारवायचे पोतेरे.

पोतेरेही विरले की ते मातीत मिसळते, कारण सुती कापड कुजते. नायलॉनची साडी तशी कुजत नाही, म्हणून तिची दोरी वळावी किंवा परसात भाजीला कुंपण करावे.

यात एक गोष्ट मला फार आवडली. घरात बाळ जन्मले की त्याच्या अंगाला पहिल्यांदा नवे कापड लावत नाहीत. जुने, धुतलेले, मऊ कापड लावतात, कारण नवे टोचते. म्हणजे आपण सगळ्यांनी, गरिबांनी आणि श्रीमंतांनी, आयुष्यात पहिल्यांदा कोणाचे तरी जुनेच कापड अंगावर घेतले आहे. मग जुने घालायची लाज कशाला?

आपल्या विदर्भातले संत गाडगेबाबा तुम्हाला ठाऊकच आहेत. ते १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि १९५६ साली वारले. त्यांच्या अंगात निरनिराळ्या चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा असे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात ते भाकरी खात. त्या गाडग्यावरूनच त्यांचे नाव पडले. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी मात्र फुटके गाडगे पुरे म्हटले.

४. टॉर्चचे सेल

रात्री धानाला पाणी द्यायला बाबा टॉर्च घेऊन जातात. सेल संपले की लोक ते बांधावर फेकतात. काही पोट्टे सेल दगडाने फोडतात आणि आतली काळी कांडी खेळायला घेतात. असे करू नये. सेलमध्ये जे असते ते हाताला आणि डोळ्यांना चांगले नाही. सेल चुलीत टाकला तर फुटूही शकतो.

साध्या सेलचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते. हे तेच जस्त, जे पितळेत असते. आतली काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाच्या जातीच्या कार्बनची असते. मँगनीज कुठून येते माहीत आहे का? आपल्याच तुमसर तालुक्यातून! डोंगरी बुजुर्गला मँगनीजची उघडी खाण आहे आणि चिखल्याला जमिनीखालची खाण आहे. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड सेल बनवायला जाते. मजूर खणतात, ट्रक वाहतात, कारखान्यात सेल होतो, आणि आपण तो बांधावर टाकतो. आपल्या तालुक्याची माती फिरून आपल्याच तालुक्यात येते, पण कचरा होऊन.

२०२२ साली सरकारने बॅटऱ्यांचा नियम केला. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतले धातू काढायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. पण आपण वेगळे ठेवले तरच ते परत जातील. म्हणून संपलेले सेल झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे. ते ओल्या कचऱ्यात टाकू नये, विहिरीजवळ तर नाहीच.

जुन्या मोबाइलचेही असेच आहे. त्यात तांबे, चांदी आणि थोडेसे सोनेसुद्धा असते. जपान देशाने तर कमालच केली. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जुने मोबाइल आणि लहान यंत्रे गोळा केली. मोबाइलच ६२ लाखांच्या वर जमले. त्या सगळ्यांतून सुमारे ३२ किलो सोने निघाले आणि सुमारे ५००० पदके झाली. हे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात ७ ऑगस्टला आपल्या नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले. त्याच्या गळ्यातले पदक भंगारातून निघाले होते!

५. भंगारवाल्याचे काम

भंगारवाला आला की आपण "भंगारवाला आला रे" करून ओरडतो. पण तो गावाचे मोठे काम करतो. तो लोखंड वेगळे, काच वेगळी, पुठ्ठा वेगळा, जर्मनचे गंज वेगळे करतो. जर्मनचे भांडे म्हणजे ॲल्युमिनियमचे. दगडातून नवे ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते तिला १०० भाग म्हटले, तर जुने भांडे वितळवायला फक्त ५ भागांच्या आसपास लागते. बाकी सगळी वाचते. म्हणून त्याला रद्दी कोरडी द्यावी आणि फुटकी काच कागदात बांधून द्यावी. त्याचा हात कापला तर त्या दिवशीची त्याची मजुरी बुडते.

६. देण्याची रीत

आता सगळ्यात महत्त्वाचे. काही वस्तू मोडत नाहीत, आपणच मोठे होतो. स्वेटर आखूड होतो, चपला लहान होतात. पाळणा रिकामा राहतो. अशा वस्तू दुसऱ्याला द्याव्या.

इराण देशात २०१५ साली लोकांनी रस्त्यावरच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या. नको असलेले कपडे तिथे टांगायचे आणि ज्याला हवे त्याने न्यायचे. आपल्या महाराष्ट्रातही अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' सुरू झाली. त्यात चांगले हे की कोणी दिले आणि कोणी घेतले ते कोणी विचारत नाही.

पण देण्याचीही रीत असते. मी ती अशी लिहिली आहे.

• धुऊन, वाळवून, घडी घालून द्यावे.
• बटण तुटले असेल तर लावून द्यावे.
• आपण स्वतः घालू शकलो असतो असेच द्यावे. फाटके असेल तर ते चिंधीत जाते, दानात नाही. नाहीतर माणुसकीच्या भिंतीचा उकिरडा होईल.
• दिल्यावर कोणाला सांगू नये. "हा माझा सदरा आहे" असे वर्गात म्हणू नये.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. थंडीत एखादा मुलगा दुसऱ्याने दिलेला स्वेटर घालून शाळेत येतो. कोणी त्याला चिडवले तर दुसऱ्या दिवशी तो तसाच कुडकुडत येईल, पण स्वेटर घालणार नाही. मग दिलेला स्वेटर फुकट गेला, आणि थंडीही त्यालाच वाजली. माझ्या अंगातला स्वेटर माझ्या ताईचा आहे. त्याला फुले आहेत. फुले असली तरी तो गरम आहे.

करून पाहा

घरातल्या नको असलेल्या दहा वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे एक शब्द लिहा: दुरुस्ती, मोड, चिंधी, भंगार किंवा देणे. यातला एकही शब्द लिहिता आला नाही तर तिथे 'कचरा' लिहा. मग कचऱ्यात कोणत्या वस्तू आल्या ते मोजा आणि त्या कुठून आणल्या होत्या ते घरी विचारा.

प्रश्न

१. पितळेत कोणते दोन धातू असतात?
२. मोडलेली पितळेची घागर आणि मोडलेली प्लास्टिकची बादली यांत फरक काय?
३. तुमसर तालुक्यातील कोणत्या गावचे मँगनीज सेल बनवायला जाते?
४. वर्गातल्या मित्राने दिलेली वस्तू वापरली तर आपण काय बोलू नये?

पालकांनीही उत्तरे द्यावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजीला विचारले तरी चालेल.