अतिस्थूलता, निद्रा आणि धम्म

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलनरेश पसेनदी भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला मिताहार शिकवितात. राजाचे शरीर हलके होते.

आज अतिस्थूलतेवर शस्त्रक्रियाही होते. परंतु त्याआधी डॉक्टरांनी सांगितलेली झोपेची तपासणी टाळू नये. रात्रभर श्वास, रक्तातील प्राणवायू व हृदयाचे ठोके यंत्रावर नोंदविले जातात. सुई टोचत नाहीत. झोपेत श्वास 10 सेकंद वा अधिक अडखळण्याचे प्रसंग तासाला 5 पेक्षा कमी असावेत. 30 वा अधिक म्हणजे आजार तीव्र. भुलीच्या औषधाने घसा शिथिल होऊन धोका वाढतो. आधी कळल्यास सीपॅप यंत्राच्या मास्कने श्वासमार्ग उघडा ठेवता येतो.

सास्तूरच्या बंधू-भगिनींनो, घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे. घरच्यांचे घोरणे हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा.