पाठीवरचे पाणी

कावेरीच्या खोऱ्यात, तिरुविडैमरुदूर-कुंभकोणमकडील घरांतून, आगगाडीच्या प्रवासाला निघताना पितळी कूजा बरोबर घेण्याची रीत होती. आपल्याकडील फिरकीचा तांब्या हा त्याचाच भाऊबंद. कॅनव्हासची छागळ ही आणखी एक जुनी सोय. तिच्या कापडातून पाणी मंदपणे झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जात असल्याने ते गार राहते. परंतु ही सारी साधने बसलेल्या प्रवाशाची आहेत. बारी गावातून कळसूबाई चढणाऱ्याचे दोन्ही हात लोखंडी शिड्यांवर गुंतलेले असतात. पाणी प्यावयाचे तर थांबावे लागते, पाठीवरची पिशवी उतरवावी लागते. सोबती पुढे जातील या भीतीने तो थांबत नाही. पाणी पाठीवर असूनही माणूस तहानलेला राहतो.

हे दिसते तितके क्षुल्लक नाही. कडक उन्हात चढण चढताना तासाभरात लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि तहान जाणवू लागते तेव्हा शरीरातील पाणी आधीच घटलेले असते. डोके दुखू लागते, पायांत पेटके येतात. पुढे भान हरपले तर तो उष्माघात असू शकतो आणि त्यात प्राणही जातो. म्हणून घोट लहान असावेत, पण वरचेवर घ्यावेत.

1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथील शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल एडसन याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, पायमोज्यात घालून पाठीशी अडकवली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपड्याच्या चिमट्याने बंद केली. तो रुग्णवाहिकेवर काम करीत असे, त्यामुळे ही वस्तू त्याच्या हाताशी होती. आपण मात्र रुग्णालयातील वापरलेली पिशवी कधीही घेऊ नये.

घरी करावयाचे तर 2 लिटरची पाण्याची स्वच्छ बाटली आणि अन्नासाठी चालणारी सव्वा मीटर सिलिकोनची नळी पुरते. झाकणाला नळीहून किंचित लहान भोक पाडावे, म्हणजे नळी ओढून बसविल्यावर घट्ट राहते. नळीचे आतले टोक तिरपे कापून बाटलीच्या तळापर्यंत पोचवावे. सरळ कापलेले टोक तळाला चिकटते. याखेरीज तापलेल्या सुईने झाकणाला एक बारीक छिद्र पाडावे. ते विसरल्यास पाणी ओढताना आत हवा शिरत नाही, बाटली चेपत जाते आणि अखेरीस कितीही ओढले तरी पाणी येत नाही. सलाइनच्या मऊ पिशवीला छिद्र लागत नाही, कारण बाहेरील हवाच तिला दाबत जाते. जाड कापडाची खोळ शिवून बाटली पिशवीत उभीच राहील अशी बांधावी; आडवी पडली तर छिद्रातून पाणी गळते. ओली खोळ छागळीसारखी गार ठेवील, ही अपेक्षा मात्र चालताना फोल ठरते. पाठीला चिकटलेल्या कापडास वारा लागत नाही.

एकदा नळी भरली आणि तिचे टोक बाटलीतील पाण्याच्या पातळीखाली लोंबले, की पाणी आपोआप वाहू लागते. वक्रनलिकेचा हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. एडसनचा चिमटा याचसाठी होता. तो न लावल्याने माथ्यावर पोचेतो सदरा भिजलेला आणि बाटली रिकामी, असे सहज घडते.

गडावरील टाक्याचे पाणी गाळून घ्यावे आणि उकळावे, अथवा त्यात क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. दिवसभर नुसत्या साध्या पाण्यावर राहू नये, कारण घामाबरोबर मीठही जाते. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण वेगळ्या बाटलीत न्यावे. येथे चहाचा चमचा धरावा. साखरेचे पाणी नळीत राहिले, तर दोन दिवसांत बुळबुळीत थर धरतो. घरी परतताच नळीतून कापडाची गाठ बांधलेली दोरी ओढावी, सोड्याच्या गरम पाण्याने ती धुवावी आणि दोन्ही टोके मोकळी ठेवून सावलीत टांगावी. आत काळे ठिपके दिसू लागले, की नळी फेकून द्यावी.