डावा पाय, उजवा पाय : मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील व्यायामाचा विचार

(द्वितीय वर्ष कला)

वैद्यकीय विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावे, हे काही वाचकांना धाडसाचे वाटेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचा प्रश्नच नाही. परंतु गेली तीन वर्षे आमच्या घरात एका आजाराने ठाण मांडले आहे, आणि त्याच्याविषयी माहितीपेक्षा गैरसमजच अधिक, असा अनुभव आला. माझ्या वहिनीला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. तिच्या निमित्ताने जे वाचले, फिजिओथेरपिस्ट बाईंकडून जे ऐकले आणि डोळ्यांनी जे पाहिले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करते. इंग्रजी लेख समजावून देण्याचे काम आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी केले. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या आहेत.

वहिनीचा आजार डाव्या पायापासून सुरू झाला. उंबऱ्याला पाऊल अडे. चप्पल निसटून मागे राही आणि तिला कळतही नसे. उजवा पाय मात्र ठणठणीत. सकाळी ती पाण्याच्या कळशा सहज आणी. तीच दुपारी शेतातून परतताना डावा पाय ओढत येई. साहजिकच बोलणे सुरू झाले. "सकाळी बरी असते, काम आलं की पाय धरतो," असे आई म्हणे. शेजारणींनी त्यात भर घातली. तिला माहेरी पाठवून द्यावे, इथपर्यंत गोष्ट गेली. पुढे शहरात एमआरआय तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळाले. पण नाव मिळाले म्हणून संशय गेला नाही. "एक पाय चांगला नि दुसरा नाही, हा कसला आजार?" हा आईचा प्रश्न कायम राहिला. खरे तर प्रश्न अगदी योग्य होता. त्याचेच उत्तर मी शोधू लागले.

आजाराचे स्वरूप

मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश मज्जातंतूंतून जातात. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांचे मज्जातंतू यांवरील या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन झिजले की संदेश मंदावतो, कधी वाटेतच थांबतो. इजा झालेल्या जागी कठीण चट्टे बनतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे स्पष्ट वर्णन केले. या चट्ट्यांवरूनच त्याला नाव पडले. तो बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

आईच्या प्रश्नाचे उत्तर या चट्ट्यांच्या जागेत आहे. ते दोन्ही बाजूंना सारखे पडत नाहीत. मेंदूचा उजवा भाग डाव्या पायाला हुकूम देतो. तेव्हा चट्टा उजवीकडे त्या वाटेवर पडला तर डावा पाय दुबळा होतो. मज्जारज्जूत मात्र चट्टा ज्या बाजूला, बहुधा त्याच बाजूचा पाय दुबळा. म्हणून एक पाय धड आणि दुसरा अधू, हे सोंग नसून या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे.

व्यायामाची जुनी भीती

आता सकाळ-दुपारच्या फरकाविषयी. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवले की, या आजाराच्या काही रोग्यांची दृष्टी श्रम केल्यावर तात्पुरती अंधुक होते. त्याला वाटले, दोष श्रमाचा. पुढे समजले की खरे कारण उष्णता. शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी झिजलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. शरीर थंड झाले की तो पुन्हा जाऊ लागतो. एमआरआय येण्यापूर्वी तर रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून, लक्षणे वाढतात का, हे पाहून निदान करण्याची पद्धत होती. वहिनीचा दुपारचा पाय म्हणजे उन्हात तापलेल्या शरीराचा पाय होता!

परंतु या निरीक्षणाचा परिणाम असा झाला की, पुढे कित्येक दशके रोग्यांना व्यायाम टाळण्याचा सल्ला मिळत राहिला. १९९६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठातील पेटाजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रोग्यांकडून १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या यंत्रावर व्यायाम करून घेतला. रोग्यांचा दम वाढला, ताकद वाढली आणि आजार त्यामुळे बळावला नाही. तेव्हापासून व्यायाम हा उपचाराचा भाग मानला जाऊ लागला. आमच्याकडे मात्र "हिला बसूनच राहू द्या" हा सल्ला २०२२ सालीही मिळाला. वहिनी आठ महिने बसून राहिली आणि तिचा पाय आणखी बारीक झाला.

हे का झाले, ते फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले. पायाचा दुबळेपणा दोन प्रकारचा असतो. एक, संदेश न पोहोचल्याने येणारा. दुसरा, पाय न वापरल्याने येणारा. पहिला व्यायामाने पुसून जात नाही. दुसरा मात्र बऱ्याच अंशी भरून काढता येतो. माणूस अधू पायाला जपतो, म्हणून तो पाय आणखी अधू होतो, आणि तफावत वाढत जाते.

तफावत लपते कशी?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली या आजाराच्या स्त्रिया आणि निरोगी स्त्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. गुडघा सरळ करण्याच्या जोरात दोन पायांमधील फरक रोगी स्त्रियांत अधिक आढळला. उभे राहताना तोल कसा सांभाळला जातो, याच्याशी त्या फरकाचा संबंध त्यांनी तपासला होता. थोडाफार फरक तर निरोगी माणसाच्या पायांतही असतो. पण तो मोठा झाला की चालण्याला जास्त श्रम पडतात आणि पडण्याची धास्ती वाढते.

गंमत अशी की, दोन्ही पायांनी मिळून केलेल्या व्यायामात हा फरक दिसतच नाही. वहिनीने सुरुवातीला दवाखान्यातील जागच्या जागी चालणारी सायकल चालवली. चाक छान फिरत होते. आम्हांला वाटले, सुधारणा आहे. बाईंनी उजवा पाय पायडलवरून खाली घ्यायला सांगितला, आणि चाक अर्ध्यावर थांबले. दोन्ही पायडल एकाच दांड्याला; तेव्हा सगळा जोर उजव्याचा, डावा नुसता सोबत फिरत होता. मग बाईंनी दोन वजनकाटे शेजारी ठेवून त्यांवर एकेक पाय ठेवायला लावला. वहिनीचे वजन ५२ किलो. उजव्या काट्यावर ३३, डाव्यावर १९. आपण एका पायावर उभ्या असतो, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

घरी हे सांगितले तेव्हा वडिलांना ते लगेच पटले. आमच्याकडे अजून एक बैलजोडी आहे. एक बैल अशक्त असला तर जुवावरचा बांध जोरकस बैलाकडे सरकवतात. ओढ त्याच्यावर जास्त पडते आणि काम निभते. वडील म्हणाले, "पोरीच्या अंगानं आपणच बांध सरकवला म्हणायचा. पण अशानं अशक्त बैल कधी जोर धरत नाही." आई तेथेच भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून 'सोंग' हा शब्द आमच्या घरात ऐकू आला नाही.

व्यायाम कसा करावा?

बाईंनी घालून दिलेले नियम साधे आहेत. प्रत्येक पायाची ताकद वेगळी मोजावी. वहिनी खुर्चीवर बसून घोट्याला वाळूची पिशवी बांधते आणि गुडघा सरळ करते. पहिल्या दिवशी उजवा पाय १५ वेळा उचलला गेला. डावा सहाव्या खेपेस थरथरू लागला. व्यायामाची सुरुवात दुबळ्या पायाने करावी, आणि त्याला जितके जमले तितकेच मजबूत पायाने करावे. खुर्चीतून उठताना दोन्ही पायांवर भार येतो का, ते पाहावे. वेळ सकाळची, जागा गार, मानेवर ओले फडके, मध्ये मध्ये विश्रांती. थरथर सुरू झाली की थांबावे. तेथे जिद्द कामाची नाही. काठी वापरायची तर दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. नवी लक्षणे अचानक उद्भवली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. औषधे तर चालूच ठेवायची. व्यायाम हा त्यांना पर्याय नव्हे.

तीन महिन्यांनी वजनकाट्यांवर ३० आणि २२ असे आकडे आले. एका रोग्याच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते. वहिनी अजून लांबवर चालत नाही, कळशी आता मी आणते, आणि आजार गेलेला नाही. परंतु उंबरा ओलांडताना ती आता भिंत धरत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा समावेश आहे. कायद्याने जे मान्य केले, ते घराघरांत मान्य होण्यास वेळ लागतो. आपल्या आसपास सकाळी चालणारी आणि दुपारी पाय ओढणारी एखादी बाई असेल, तर तिला कामचुकार म्हणण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर थांबावे आणि तिला तपासणीसाठी न्यावे. या लेखाने एवढे जरी साधले, तरी माझे लिहिणे सार्थकी लागले असे मी समजेन.