थांबण्याचे अंतर

पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी दांडी नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. १९३० साली गांधीजींनी मीठ उचलले ती दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. ही दांडी निराळी. येथे माझ्या परिचयाचे एक तांडेल राहतात. त्यांच्यापाशी एक जुनी मारुती व्हॅन आहे. ही गाडी १९८४ साली प्रथम रस्त्यावर आली. पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. या गाडीला नाक म्हणून नाही. चालकाचे गुडघे आणि समोरचा रस्ता यांच्यामध्ये काय तो पातळ पत्रा!

गेल्या मृगाच्या पहिल्या सरीत तांडेल घरची सात माणसे घेऊन बोईसर स्टेशनाकडे निघाले होते. एका वळणावर चेंडूमागे धावणारा मुलगा एकाएकी आडवा आला. तांडेलांनी ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी आवळली, गाडी घसरत गेली आणि मुलापासून दोन हातांवर थांबली. मुलगा चेंडू घेऊन पळालाही. तांडेल मात्र संध्याकाळी माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, ब्रेक तर मी लगेच दाबला होता. मग गाडी का थांबेना?"

मी विचारले, "किनाऱ्याला लागताना तुम्ही होडीचे इंजिन केव्हा बंद करता?"

"बरेच अलीकडे."

"आणि होडी मासळीने भरलेली असली तर?"

"त्याहून अलीकडे."

गाडीचेही बरेचसे असेच आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ११ मीटर रस्ता संपला! त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर आणखी ९ मीटर, एकूण २०. वेग ६० असेल तर १७ आणि २० मिळून ३७ मीटर होतात. वेग दीडपट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट होते. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ व तेल कालवून निसरडा थर होतो. त्यामुळे चाकांची पकड निम्मी झाली, तर हे नंतरचे अंतर दुप्पट होते.

"म्हणजे कोरड्यात अकरा वाव आणि वीस वाव," तांडेलांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांचे माप दोराचे!

दुसऱ्या दिवशी गाडी कारागिराला दाखविली. टायरांच्या खाचा जवळजवळ पुसल्या होत्या. खाचा नसल्या की चाकाखालचे पाणी बाहेर पडत नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. कायद्याने खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. ब्रेकचे तेल कित्येक वर्षे बदललेले नव्हते. हे तेल हवेतील ओलावा शोषते. मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसताच खोल जातो. मागच्या एका चाकाचा ब्रेक खाऱ्या हवेने गंजून अडकला होता. चाके आवळू न देणारी आधुनिक यंत्रणा या गाडीत मुळातच नाही. अशा वेळी पाय किंचित सैल करून पुन्हा दाबावा, म्हणजे फिरणारे चाक निदान वळविता तरी येते.

सात माणसांच्या भाराचे काय? भार वाढला की चाकांची पकडही वाढते. म्हणून उत्तम ब्रेक असतील तर अंतर फारसे वाढत नाही. परंतु झिजलेल्या ब्रेकांना तेवढा भार आवरत नाही आणि ते लवकर तापतात.

दुरुस्ती झाली, टायर बदलले. तरी तांडेलांचे समाधान होईना. ते दोर घेऊन त्या वळणापाशी गेले. वळणापलीकडचा रस्ता चालकाच्या जागेवरून किती दिसतो, हे त्यांनी मोजून पाहिले. तो भरला अवघा आठ वाव! ताशी ३० च्या वेगाने, कोरड्यात, त्यांची गाडी सव्वासात वावांत थांबली असती. ओल्या रस्त्यावर दहा वाव लागले असते. पावसाळ्यात तेथे २० च्या पुढे जायचे नाही, असे त्यांनी तेथेच उभे राहून ठरविले आणि दोर गुंडाळला.