फटफटीची बाराखडी : जुन्या इंजिनांच्या आवाजांचा अभ्यास

‘फटफटी’ हा शब्द आपल्या भाषेने वाहनाच्या रूपावरून नव्हे, तर त्याच्या आवाजावरून घडविला आहे. व्याकरणाच्या तासाला आपण अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतो आणि खडखड, घरघर, टिकटिक, ठकठक ही उदाहरणे एका ओळीत लिहून मोकळे होतो. परीक्षेपुरते ते ठीक आहे. परंतु गॅरेजात हे चार शब्द एका ओळीत बसत नाहीत. टिकटिक म्हणजे चहा उकळेपर्यंत होणारे काम. ठकठक म्हणजे इंजिन चौकटीतून खाली उतरविणे. शब्द चुकला की गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून बारामती-इंदापूर रस्त्यावर त्यांचे लहानसे गॅरेज आहे. या पट्ट्यात, काटेवाडीपासून निमगाव केतकीपर्यंत, दुधाच्या किटल्या वाहण्यासाठी एके काळी राजदूत, येझदी आणि बुलेट याच गाड्या असत. राजदूत ही पोलंडमधील एका गाडीच्या आराखड्यावर फरिदाबादला तयार होई. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. बुलेटचे नाव आजही चालू आहे, पण बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन आता निघत नाही. तरीही या गाड्या अधूनमधून आमच्या दारात येतात. काही हौशी मालकांच्या, तर काही अजून खरोखर दूध वाहणाऱ्या.

आवाज ऐकण्याचे वडिलांचे साधन म्हणजे लाकडी मुठीचा लांब डिसमिस. पाते इंजिनाच्या कवचावर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाशी धरायची. पातेे एकेक इंच सरकवीत गेले की आवाज कोठून उठतो ते कळते. पुढे वाचनात आले, की 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. त्याच्याही आधी, 1761 मध्ये, औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने छातीवर बोटे वाजवून रोग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपे वाजवून आत दारू किती उरली ते पाहण्याच्या रीतीवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. विद्या पिंपाकडून दवाखान्यात गेली, हे मला फार आवडले.

आता प्रत्यक्ष आवाजांकडे वळू. नुसते ‘आवाज येतो’ एवढ्याने निदान होत नाही. तो थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर, रेस वाढविली की वाढतो की विरतो, आणि ओझे पडल्यावर त्याचे काय होते, हे विचारावे लागते.

बुलेट चार स्ट्रोकची आहे. तिच्यात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे टॅपेट सैल झाले, तर वरच्या बाजूने हलकी, संथ, जवळजवळ मोजता येईल अशी टिकटिक येते. सिलिंडरच्या उजव्या अंगाचे लहान झाकण काढून, इंजिन थंड असताना व दोन्ही झडपा मिटलेल्या असताना तपासावे. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. घट्ट टॅपेट मुका असतो आणि म्हणून अधिक वाईट. झडप पुरती मिटत नाही आणि जळते. थोडी टिकटिक राहिलेली बरी, असे वडील म्हणतात ते यामुळेच. कधी कधी मात्र टॅपेट ठाकठीक असूनही टिकटिक थांबत नाही. तेव्हा सायलेन्सरची नळी हेडला जेथे मिळते तेथे काळी काजळी दिसते का ते पाहावे. तेथून निसटणारा धूर हुबेहूब टॅपेटची नक्कल करतो.

सकाळी पहिल्या किकेनंतर येणारी बोदी खटखट पिस्टनची असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम उष्णतेने अधिक फुगते, त्यामुळे गाडी तापली की मधली फट कमी होते आणि खटखट मावळते. अशी गाडी पुष्कळ दिवस चालते. खटखट तापल्यावरही राहिली, तर बोअरचे माप घ्यावे.

उसाची ट्रॉली ओलांडण्यासाठी एकदम रेस दिली आणि डब्यात खडे हलविल्यासारखी खडखड झाली, तर दोष सुट्या भागांत शोधू नये. पेट्रोलचा भडका वेळेआधी किंवा बेशिस्तपणे उडत असतो. टायमिंग पुढे गेलेले असते, हेडमध्ये कार्बन साचलेला असतो किंवा पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असते.

सर्वांत भय ठकठकीचे. कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक, म्हणजे बिग एंड, झिजले की इंजिनाच्या पोटातून जड ठोके येतात. रेस वाढविताना ते वाढतात आणि रेस सोडताना, ओझे बदलत असताना, स्पष्ट ऐकू येतात. याकडे दुर्लक्ष केले, तर रॉड तुटून क्रँककेस फोडू शकतो आणि मग दुरुस्त करण्यासारखे फारसे उरत नाही.

तथापि, प्रत्येक ठकठक बिग एंडची नसते. एका दूधवाल्या मामांना एका गॅरेजवाल्याने ‘क्रँक काढावा लागेल’ असे सांगितले होते. क्रँक काढायचा म्हणजे तो दाबयंत्राखाली उलगडायचा, नवा भाग घालायचा, पुन्हा सरळ करायचा. तोवर सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या बंद, आणि गवळ्याने दोन दिवस खाडा केला की गिऱ्हाईक दुसऱ्याचे होते. मामा गाडी विकण्याच्या विचारात आमच्याकडे आले. वडिलांनी डिसमिस लावला. आवाज पोटात नव्हता, डाव्या कवचात होता. रेस वाढविली तर तो कमी झाला. येथेच उलगडा झाला. बिग एंडचा ठोका रेसबरोबर वाढतो. सैल झालेली प्रायमरी चेन मात्र संथ चालीत फडफडते आणि वेगात ताणली जाऊन गप्प बसते. कवच उघडून आतला ताण सुमारे पाव इंच खेळ राहील असा बसविला. संध्याकाळची फेरी चुकली नाही.

गिअरबॉक्सचा संशय असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबावा. घरघर थांबली, तर ती इंजिनाची नव्हे.

राजदूत-येझदीची गोष्ट निराळी आहे. ही दोन स्ट्रोकची इंजिने; त्यांना झडपाच नाहीत. तेव्हा राजदूतचे टॅपेट सैल झाले आहे असे कोणी सांगू लागला, तर तेथून उठावे हे उत्तम. संथ चालीत त्यांचा एक आड एक ठोका चुकतो, हाही दोष नव्हे. त्यांचे खरे संकट तेलाचे. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. त्यामुळे दिवे घाटासारख्या लांब उतारावर रेस बंद ठेवून गाडी गिअरमध्ये पळविली, तर पेट्रोलबरोबर तेलही तुटते. पिस्टन सिलिंडरला धरण्यापूर्वी सूर बदलतो, आवाज कोरडा व चिरका होतो आणि कोणी मागून ओढल्यासारखी गाडी जड होते. त्यानंतर मागचे चाक एकदम अडकते. पाठीमागे भरलेल्या किटल्या असल्या, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सूर बदलताच क्लच दाबावा, गाडी कडेला घ्यावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी. मग किक हाताने हळूच दाबून पाहावी. ती सहज खाली गेली, तरी सिलिंडर उघडून पाहिल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची फेरी धरू नये.