लेकरू अंथरूण ओले करते? मारू नका, आधी त्याचे पोट पाहा

मेढा आणि जावळी खोऱ्यातील माता-पित्यांनो,

आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही. गोधडी वाळत नाही. अशात सात वर्षांच्या पोराने पुन्हा अंथरूण ओले केले की आईचा हात उठतो. "एवढा घोडा झालास, तरी कळत नाही?" असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याला कळतच नाही. ते गाढ झोपेत असते. यात खोडी नाही की आळस नाही.

असे का होते?
पाच वर्षांपर्यंत याची काळजी करू नये. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुलांना ही सवय असते. पुढे बहुतेकांची आपोआप सुटते. आई-बापाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याचा संभव जास्त. म्हणून रागावण्याआधी आजीला विचारून पाहा!

खाण्याचा संबंध काय?
लघवीची पिशवी आणि मोठे आतडे शेजारी-शेजारी असतात. पोट साफ नसले, शौचाचा खडा झाला, की आतडे फुगून पिशवीवर दाबते. मग पिशवीत लघवी मावत नाही. मूल रोज शौचाला जाते का, कुंथते का, हे पाहा.

मुलाला नाचणीची भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, केळे द्या. मुंबईला माथाडी कामावर असलेला बाप गावी येताना बिस्किटे, फरसाण, वेफर्स आणतो. त्यात माया आहे, पण चोथा नाही. शिवाय खारट खाल्ले की रात्री तहान लागते. संध्याकाळचा चहा मुलांना देऊ नका. तिळाचा लाडू पौष्टिक आहे, जरूर द्या; पण तो या तक्रारीवरचे औषध नव्हे.

वजनाकडे लक्ष द्या
वजन फार वाढलेल्या मुलांत ही तक्रार जास्त आढळते. काही मुले घोरतात, झोपेत श्वास अडतो, त्यानेही अंथरूण ओले होते. म्हणून त्यांना उपाशी ठेवू नका. तळलेले व गोड कमी करा, खेळायला सोडा. सहा वर्षांखालील मुलाचे वजन अंगणवाडीत करून घ्या. मोठ्या मुलांची शाळेत आरोग्य पथकाकडून तपासणी होते, त्या दिवशी शाळा चुकवू नका.

घरी एवढे करा
१. पाणी तोडू नका. दिवसा भरपूर द्या, रात्री जेवणानंतर तहानेपुरतेच द्या.
२. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि झोपताना लघवीला पाठवा.
३. रात्री वाटेत उजेड ठेवा. अंधाराला भिऊन मूल उठत नाही.
४. अंथरुणाखाली प्लास्टिकचा कागद घाला.
५. चारचौघांत बोलू नका. मारणे, चटके देणे याने त्रास वाढतो.

धाकटे बाळ आल्यावर
आधी सुटलेली सवय धाकटे बाळ आल्यावर थोरल्याला पुन्हा लागू शकते. त्याला जवळ घ्या. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवले तर थोरल्याच्या वाट्याला आई पुरते. तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध यांविषयी दोघांनी मिळून नर्सबाईंना किंवा आशाताईंना विचारा.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?
• सहा-सात वर्षांनंतरही त्रास चालू असेल तर.
• लघवीला जळजळ, ताप, किंवा दिवसाही कपडे ओले होत असतील तर.
• सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झाले तर.
• तहान फार, लघवी फार आणि वजन उतरत असेल तर त्याच दिवशी न्या. हा मधुमेह असू शकतो, तो लहान मुलांनाही होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. लाजू नका.

ध्यानात ठेवा : गोधडी धुऊन निघते, मुलाच्या मनाला लागलेले निघत नाही.